पहिल्या वर्षाचा रकाना

सोमवार, ११ सप्टेंबर २०२३

थोरसन साहेबांनी आज आणखी एक काम माझ्या गळ्यात मारलं. म्हणाले, आर्लिस, हे तुझ्याशिवाय कोणाला जमायचं नाही. एकतीस वर्षं मी हे वाक्य ऐकतेय. पगारवाढीच्या वेळी मात्र त्यांचं माझ्यावाचून काहीच अडत नाही.

काम असं: आमचा कारखाना धान्य वाळवायची यंत्रं बनवतो आणि कामगारांसाठी निवृत्तीची योजना चालवतो. या महिन्यापासून, नवा माणूस जुन्या नोकरीतलं रॉथ खातं घेऊन आला तर आमची योजना ते सामावून घेणार. रॉथ म्हणजे कर आधीच भरून बाजूला ठेवलेले पैसे. पाच वर्षं पुरी झाली आणि वयाची साडेएकोणसाठ ओलांडली की मुद्दल तर सुटतंच, त्यावरची वाढही करावाचून हातात येते. पाच वर्षं मोजायची खात्यात पहिला डॉलर पडला त्या वर्षापासून. पैसे एका योजनेतून थेट दुसरीत आले की हे पहिलं वर्षही त्यांच्यासोबत येतं. म्हणून आलेली रक्कम इतर पैशांत मिसळायची नाही. मुद्दल किती, वाढ किती, पहिलं वर्ष कोणतं, हे जुन्या योजनेकडून लेखी मागवायचं आणि वेगळं लावून ठेवायचं.

आकडेमोड फार्गो शहरातली एक कंपनी संगणकावर करते. तरी मी माझी कागदी नोंदवही आखलीच. संगणकाला विचारलं तेवढंच तो सांगतो. वहीत न विचारलेलंही डोळ्यांसमोर राहतं.

ही रोजनिशीही आजच सुरू केली. आई गेल्यापासून घरात ऐकायला फक्त स्वेन, आणि चौदा वर्षांचा तो कुत्रा आता बहिरा झालाय.

गुरुवार, २८ सप्टेंबर

वहीतलं पहिलं नाव लागलं. क्लेटन हाल्बर्ग, वय त्रेसष्ट, यंत्रांच्या गॅसच्या शेगड्या जोडतात त्या बर्नर विभागात नवीन. अर्जात एक रकाना रिकामा नाही, अक्षर शाळामास्तरासारखं. इथली माणसं अर्ज गाडीच्या बॉनेटवर ठेवून भरतात आणि ग्रीसच्या बोटांनी सही करतात. हा टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला आणि आत येऊ का म्हणून विचारलं.

नियमही त्याला पाठ. तुमची योजना रॉथ घेते असं कळलं म्हणूनच इथे अर्ज केला, म्हणाला. पगार विचारून येणारे पाहिले होते, सुट्ट्या विचारून येणारे पाहिले होते. योजना विचारून आलेला हा पहिलाच. मला माणूस आवडला, खोटं कशाला लिहू.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

क्लेटनच्या जुन्या योजनेचं पत्र आलं. एकूण दोन लाख अडतीस हजार डॉलर, त्यातलं मुद्दल किती ते दिलंय, आणि पहिलं वर्ष २००७. त्या नोकरीत तर तो २०१६ साली लागला. म्हणून त्याला बोलावून घेतलं.

तो टोपी मांडीवर ठेवून बसला. "ते वर्ष माझं नाही," म्हणाला. "माझ्या बायकोचं आहे, लोरेटाचं. ती २०१२ साली गेली तेव्हा तिचं खातं मी माझ्या आधीच्या नोकरीतल्या योजनेत आणलं, आणि पुढे तेच सोबत नेत गेलो."

मग बरोबर आहे. मेलेल्या माणसाचा नवरा किंवा बायको ते खातं आपल्या कंपनीच्या योजनेत थेट घेऊन आली, तर पाच वर्षं मेलेल्याच्या पहिल्या वर्षापासूनच मोजतात. माणूस जातो, त्याचं वर्ष मागे राहतं आणि जिवंताच्या खात्यात चालत राहतं. हा नियम मी कितीदा वाचलाय. आज वहीत २००७ लिहिताना मात्र अंगावर काटा आला. एक बाई अकरा वर्षांपूर्वी गेली आणि तिचं वर्ष माझ्या टेबलावर मोजलं जातंय.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

त्याच जुन्या योजनेच्या बाईंकडून जाड पाकीट आलं. मी मागवलं नव्हतं. आत जुन्या अर्जांच्या नकला. खातं तीन तुकड्यांत लावलेलं आहे. एक क्लेटनचं स्वतःचं, एकोणीस हजार. एक लोरेटाचं, पहिलं वर्ष २००७, मृत्यू फेब्रुवारी २०१२, वय पंचावन्न. आणि एक जोआनचं. पहिलं वर्ष २०१०, मृत्यू फेब्रुवारी २०१९, वय अठ्ठावन्न. तीही बायकोच.

जोआनबद्दल तो काही बोलला नव्हता. दोघींचीही फेब्रुवारीतच वेळ यावी. पण आमच्याकडे फेब्रुवारी वाईटच असतो, आईही फेब्रुवारीतच गेली. दोन बायका पुरलेल्या माणसाची उलटतपासणी घ्यायला मी काही शेरीफ नाही. दोन्ही नावं वहीत उतरवली आणि नकला फाइलला लावल्या. फाइल पूर्ण झाली की मला बरं वाटतं.

रविवार, १२ नोव्हेंबर

क्लेटन आता चर्चनंतरच्या कॉफीला माझ्याच टेबलावर बसतो. आमच्या ऑफिसच्या स्वागतकक्षातली डार्ला बघून बघून दमली. म्हणे, आर्लिस, तू त्याचे पैसे आत घेतलेस, आता माणूसही घेऊन टाक.

आज मीच जोआनचा विषय काढला. त्याने कप खाली ठेवला. "एकदा सांगितलं तर लोक हळहळतात," म्हणाला. "दोनदा सांगितलं तर दुसऱ्याच नजरेने बघायला लागतात." मला इतकी लाज वाटली की माझा केकचा तुकडा मी त्याच्या बशीत ठेवला.

मग त्याने माझं पहिलं वर्ष विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, २००६. ही सोय निघाली त्याच वर्षी अर्ज करणारी कारखान्यात मी पहिली. त्याने ते वर्ष दोनदा हळू आवाजात म्हटलं. "याच्या आधीचं वर्ष कोणाकडे असूच शकत नाही." आजवर माझ्या डोळ्यांचं नाही, केसांचं नाही, कोणी कशाचं कौतुक केलं नव्हतं. वर्षाचं तरी झालं.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगला ब्रिटा आली. माझ्या बहिणीची मुलगी, फार्गोला शाळेत शिकवते, आणि माझ्या सगळ्या कागदांवर वारस तीच. क्लेटनही जेवायला होता. त्याने टर्की कापली, भांडी घासली, तळघरात जाऊन गॅसची भट्टी बघून आला. घर तापवायची ती भट्टी आईच्या वेळची आहे. तुझ्या घरात अजून ही चालते याचंच आश्चर्य वाटतं, असं तो म्हणाला. कारखान्यात त्याला बर्नरचा डॉक्टर म्हणतात.

जेवताना त्याने विचारलं, काही योजना लग्नाला वर्ष होईपर्यंत जोडीदाराला वारस धरत नाहीत, तुमची कशी आहे? आमची पहिल्या दिवसापासून धरते, मी म्हटलं. "चांगली योजना आहे," तो म्हणाला आणि बटाटे पुढे सरकवले.

ब्रिटा जाताना दारात म्हणाली, "मावशी, तो घराकडे बघतो तसा तुझ्याकडे बघत नाही गं." मी तिला म्हटलं, एकसष्टाव्या वर्षी माझ्याकडे कोणी कसंही बघितलं तरी चालेल. ती हसली नाही.

शुक्रवार, ५ जानेवारी २०२४

आज कोर्टात लग्न झालं. साक्षीला डार्ला आणि थोरसन साहेब. बाहेर उणे एकवीस, पण माझे हात गरम होते.

दुपारी ऑफिसात परत येऊन स्वतःची नोंद स्वतःच बदलली. लग्न झालं की योजनेतला आधीचा वारस आपोआप बाद होतो आणि जोडीदार येतो. दुसऱ्याचं नाव घालायचं तर जोडीदाराची नोटरीसमोर सही लागते. शेकडो बायकांना मी हे समजावलंय. ब्रिटाच्या नावावर रेघ मारताना कसंतरी झालं. तिला फोन केला. म्हणाली, पैशाचं काही नाही मावशी, फक्त रोज मला एक मेसेज करत जा. कशाला, विचारलं, तर म्हणाली, असंच.

चार लाख बारा हजार डॉलर. माझं सगळं आयुष्य त्यात आहे, आणि ते आता कोणासाठी तरी आहे याचाच मला आनंद झाला.

बुधवार, २४ जानेवारी

संसार नीट चाललाय. क्लेटन घोरतो म्हणून गॅरेजमधल्या कामाच्या खोलीत झोपतो, तिथे त्याचा स्वतःचा विजेचा हीटर आहे. तुझी झोप मोडायला नको, म्हणतो. इतकी काळजी माझी कोणी घेतली नव्हती. शनिवार-रविवार तो वॉटरटाउनला आजारी बहिणीकडे जातो. चार तास गाडी हाकत जातो, कधी कुरकुर नाही.

जिन्यातली धूर आणि विषारी वायूच्या इशाऱ्याची डबी सारखी चिवचिवत होती. तिची मुदत संपली असं सांगून त्याने काढून ठेवली. नवी आणणार आहे. भट्टीही त्याने उघडून साफ केली.

मला मात्र सकाळी डोकं धरतं. कपाळावर पट्टा आवळल्यासारखं. ऑफिसात दहापर्यंत उतरतं. नव्या चष्म्याचा दोष असेल.

सोमवार, ५ फेब्रुवारी

स्वेन गेला. तळघरात भट्टीशेजारच्या गोधडीवर तो झोपायचा. मी हाक मारली, मग आठवलं की तो बहिरा आहे, मग खाली गेले. चौदा वर्षं म्हणजे कुत्र्याचं वय झालंच होतं. पण काल त्याने पोटभर खाल्लं होतं.

क्लेटनने त्याला स्वतःच्या कोटात गुंडाळून गाडीत ठेवलं. मी रडत होते आणि तो माझ्या पाठीवर हात ठेवून उभा होता. "त्याला काही कळलंसुद्धा नसेल," म्हणाला. "नुसती झोप लागते." मला त्या शब्दांचा आधार वाटला.

रविवार, ११ फेब्रुवारी

चर्चमध्ये ओकारी झाली. बाहेर बर्फात दहा मिनिटं उभी राहिले तर एकदम बरं वाटलं. डार्ला म्हणाली, तुला लग्न मानवलं नाही, पण गाल बघ, नव्या नवरीसारखे गुलाबी झालेत. खरंच झालेत. आरशात मी मलाच नीटशी ओळखू येत नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आजची गोष्ट जशी घडली तशी लिहिते.

अकराच्या सुमारास फोन आला. साउथ डाकोटात वॉटरटाउनच्या एका कंपनीतली बाई, नाव व्हर्लीन. माझ्यासारखीच, योजनेचे कागद बघणारी. आवाज गोड. म्हणाली, आमच्याकडे एप्रिलपासून एक गृहस्थ रुजू होणार आहेत. त्यांनी पत्नीचं रॉथ खातं आमच्या योजनेत आणायचा अर्ज आधीच देऊन ठेवलाय. मला सगळं वेळेआधी लावून ठेवायची सवय आहे हो. तेवढं त्यांच्या दिवंगत पत्नीचं पहिलं वर्ष आणि मुद्दल कळवाल का?

मी पेन उचललं आणि नाव विचारलं.

"आर्लिस ब्रेकी हाल्बर्ग," ती म्हणाली. "पहिलं वर्ष त्यांनी २००६ लिहिलंय, ते पडताळायचं होतं. आणि मृत्यूची तारीख तेवढी रिकामी आहे. तुमच्याकडे असेल ना?"

मी म्हटलं, बाई, ती मीच बोलतेय.

मग ती इतकी ओशाळली की मलाच तिची दया आली. आम्ही दोघींनी मिळून विचार केला. हयात जोडीदाराचं खातं तर आणताच येत नाही, म्हणजे त्याने दुसराच कुठला तरी अर्ज समजून हा भरला असणार. घाईत होतं असं. ती म्हणाली, माझ्याकडे तर एकाने घटस्फोटाचा अर्ज दातांच्या विम्यासाठी भरला होता. आम्ही दोघी हसलो.

फोन ठेवला आणि हसू थांबलं. क्लेटन घाईत अर्ज भरत नाही. तो रकाना रिकामा सोडत नाही. मला भीती वाटली. कशाची, ते लिहिता येत नाही.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

त्याला विचारलं. तो जराही गडबडला नाही. म्हणाला, बहिणीजवळ राहायला जावं असा विचार होता, तुला वसंतात सांगून चकित करणार होतो. आणि अर्जाचं म्हणशील तर, दोनदा ऐनवेळी धावपळ झाली माझी. आपल्या वयात कागद तयार असलेले बरे. तू तरी दुसरं काय सांगतेस लोकांना?

खरंच, मी हेच सांगते. रागावायला जागा नव्हती. त्याने सूप गरम करून दिलं, माझं डोकं दाबून दिलं, आणि आज लवकर झोप म्हणाला. मी लवकर झोपलेही. पण माझं नाव टंकलेलं आणि पुढे ती एक कोरी जागा, हे डोळ्यांपुढून हलत नाही.

बुधवार, २१ फेब्रुवारी

केलं एकदाचं. बरोबर की चूक, देव जाणे.

आमच्या योजनेत साडेएकोणसाठनंतर नोकरीत असतानाही आपले पैसे काढता येतात, आणि त्याला जोडीदाराची सही लागत नाही. मी सगळी रक्कम काढून बँकेतल्या माझ्या व्यक्तिगत रॉथ खात्यात नेली. तिथे वारस आपल्या मर्जीचा. मी ब्रिटाचं नाव घातलं. आणि हे दार एकाच बाजूला उघडतं. योजनेतून व्यक्तिगत खात्यात पैसे जातात. त्या खात्यातून जगातल्या कुठल्याही कंपनीच्या योजनेत ते परत येत नाहीत.

नवऱ्यापासून लपवणं माझ्या स्वभावात नाही. जेवणं झाल्यावर बँकेचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला.

"परत आणता येईल?" त्याने विचारलं.

"कुठेच नाही. तुझ्या योजनेत नाही, माझ्या नाही, कोणाच्याच नाही."

"घर?"

"ते ब्रिटालाच आहे. आईच्या इच्छेप्रमाणे."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कागदाची घडी घातली, मला परत दिली, भांडी घासली, हात पुसले आणि हत्यारांची पेटी घेऊन तळघरात गेला. अर्धा तास खालून पत्र्यावर ठोकल्याचे आवाज येत होते. वर आला, साबणाने हात धुतले, आणि मी झोपतो एवढंच म्हणाला.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

सकाळी उठले तर डोकं अजिबात दुखत नव्हतं. महिन्याभरात पहिल्यांदाच. हवा बदलली असेल.

जिन्यात इशाऱ्याची नवी डबी लावलेली आहे. त्याने कधी आणली कोण जाणे. खालचं हिरव्या दिव्याचं टिंब सारखं लुकलुकतं. रागातही त्याला माझी आठवण राहिली हे बघून मला रडू आलं.

सोमवार, ४ मार्च

क्लेटन गेला. कपडे, हत्यारं, विजेचा हीटर, सगळं शनिवारी गाडीत भरलं. भांडण नाही, शिवी नाही. मी दारात उभी राहून म्हटलं, ते पैसे माझ्या भाचीचे होते रे, तुझ्यावर राग नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं. बिघडलेल्या, दुरुस्त न होणाऱ्या यंत्राकडे बघावं तसं. "काही हरकत नाही," म्हणाला.

एका रिकाम्या रकान्यापायी मी घरात आलेला माणूस घालवला. ब्रिटा म्हणते, बरं झालं. तिला काय कळतंय, ती सोळाव्या वर्षापासून कधी एकटी राहिलेली नाही. मी आज ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

मंगळवार, १४ मे

घटस्फोटाचे कागद मागच्या महिन्यातच झाले. आज व्हर्लीनचा फोन. क्लेटनचं खातं आमच्याकडून तिच्या योजनेत जाणार, म्हणून पहिलं वर्ष आणि मुद्दल हवंय. तीस दिवसांत पाठवायचं असतं, मी आजच लिहायला घेतलं.

बोलताना ती जरा लाजत होती. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. क्लेटन तिच्या घरी येऊन छपराच्या पन्हळी साफ करून गेला, पैसे घेतले नाहीत. तुमच्या दोघांचं जमलं नाही याचं त्याला फार वाईट वाटतं, म्हणाली. माझा जीव जळला, आणि तो जळतोय हे कळून आणखी जळला. बोलता बोलता तिने सांगितलं की तिचं पहिलं वर्षही २००६ आहे. तो ते ऐकून फार खूश झाला म्हणे.

पत्रात रकाने दोनच. पहिलं वर्ष २००७. मुद्दल इतकं इतकं. सही करून पाकिटात घालणार तोच हात थांबला. मी पत्र परत उघडलं आणि सहीखाली हाताने लिहिलं, "व्हर्लीन, घरातली भट्टी त्याला हात लावू देऊ नका. दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या." का लिहिलं, मला माहीत नाही. मत्सरानेच लिहिलं असेल. एकतीस वर्षांत रकाना नसलेल्या जागी मी कधी काही लिहिलं नव्हतं.

बुधवार, १५ जानेवारी २०२५

सकाळी अकराला फोन वाजला. "व्हर्लीन हाल्बर्ग बोलतेय," पलीकडून आवाज आला, आणि मला आधी ते आडनावच ऐकू आलं. त्यांनी नोव्हेंबरात लग्न केलं.

तिचा आवाज ओळखू येत नव्हता. म्हणाली, तुमचं ते पत्र वाचून मी तेव्हा हसले होते, रागही आला होता. दोन आठवडे झाले, सकाळी उठलं की डोकं धरतं. परवा कप्प्यातून पत्र काढून पुन्हा वाचलं. आज सकाळी तो कामावर गेल्यावर गॅसवाल्याला बोलावलं. घरात विषारी वायू भरलाय म्हणाला, दोन मिनिटांत भट्टी बंद केली आणि मला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. धूर वर नेणारा नळ सांध्यातून उचकटून बाजूला सरकवला होता. आपोआप निसटलेला नाही म्हणाला, कारण स्क्रू काढून शेजारच्या फळीवर नीट रांगेत ठेवले होते.

"मी बहिणीकडे आलेय," ती म्हणाली. "त्याला अजून कळलेलं नाही. आर्लिस, मला तुम्ही सांगितलंत. तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

मला स्वेनची गोधडी दिसली, गुलाबी गाल दिसले. बँकेचा कागद दाखवला त्या रात्री तळघरातून आलेले ठोकल्याचे आवाज आत्ता मला ऐकू आले, आणि तो नळ परत जागेवर बसवत होता हे कळलं. तो माझ्यावरच्या मायेने काही करत नव्हता. मी त्याच्या उपयोगाची राहिले नव्हते, म्हणून तो माझं मरण उलगडून परत घेऊन जात होता. आणि मी त्याच्यासाठी दहा महिने रडले.

"मला दोघींनी सांगितलं होतं," मी म्हटलं. "त्यांची नावं, वर्षं, महिना, सगळं माझ्या टेबलावर आलं होतं. मी ते फाइलला लावलं."

नंतर तिला शेरीफचा नंबर दिला आणि तिच्याकडूनच फोन जाईल असं वदवून घेतलं. मग इथल्या शेरीफला मी फोन केला. फाइल काढली, लोरेटाच्या आणि जोआनच्या अर्जांच्या नकला काढल्या. तीन वाजता त्यांचा माणूस येतोय. डार्लाला सांगितलं की आज दुपारी मी कोणाचेच कागद बघणार नाही.